तिला हवी ती एक बाई

देवगाव रंगारीला माझं पत्रक माझ्याआधी पोहोचलं होतं, आणि तिथं त्याचं काय झालं हे मला स्वतः गेल्यावरच कळलं. निघताना मला वाटत होतं, आपण एक लढाई जिंकायलाच चाललो आहोत. परतताना एसटीच्या खिडकीशी बसून मी एवढंच ठरवू शकले, की जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहून काढायचं. त्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

आधी थोडं माझ्याविषयी, नाहीतर पुढचा गोंधळ समजणार नाही. मी इचलकरंजीची. आई-वडील दोघंही यंत्रमाग कामगारांच्या चळवळीतले. आमच्या घरात पाळण्याखाली पत्रकांचे गठ्ठे ठेवलेले असायचे. मला अक्षरओळख झाली तीच ‘कामगार बंधूंनो आणि भगिनींनो’ या ओळीवर बोट ठेवून. पत्रक नीट लिहिलं की माणूस उठून उभा राहतो, हा माझा लहानपणापासूनचा विश्वास आहे. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या एका छोट्या संस्थेनं जेव्हा मला विचारलं, की बाळंतपणानंतर आई आणि बाळाची काळजी कशी घ्यावी याची जी जागतिक मानकं आहेत ती तुम्ही मराठीत आणाल का, तेव्हा मी दुसऱ्या कुणाचं नाव पुढं यायच्या आत हो म्हटलं.

मानकं वाचताना माझ्या अंगावर काटा आला. बाळंतपण झाल्यावर किमान चोवीस तास आईला दवाखान्यात ठेवावं. पुढच्या सहा आठवड्यांत दोघांची पुन्हा पुन्हा तपासणी व्हावी. आई आणि बाळाला एकमेकांपासून वेगळं करू नये. तिला हवं ते माणूस तिच्या सोबत असावं, आणि जे काही करायचं ते तिला विचारून करावं. जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून हे आमच्याच घरचं पत्रक लिहिलं आहे असं मला वाटलं. मी पुस्तिका केली आणि तिच्यावरून एका पानाचं पत्रक केलं. मथळा दिला ‘प्रसूतिपश्चात काळजी : प्रत्येक मातेचा हक्क’. खाली धोक्याची लक्षणं लिहिली. शेवटी ठळक अक्षरात एक ओळ टाकली, जिचा मला सगळ्यांत जास्त अभिमान होता : ‘बाळ हेही एक स्वतंत्र माणूस आहे.’

या पत्रकांचा एक गठ्ठा संस्थेनं देवगाव रंगारीच्या आशा कार्यकर्तीकडं, म्हणजे तिथल्या आशाताईकडं दिला होता. गाव मीच सुचवलं होतं, कारण पुण्याच्या वसतिगृहातली माझ्या खोलीतली मैत्रीण वैशाली पहिल्या बाळंतपणाला तिथं माहेरी आली होती. बैठकीसाठी मला संभाजीनगरला जायचंच होतं. बैठक झाली की तिच्याकडं जायचं आणि पत्रक लोकांपर्यंत पोहोचलं का ते पाहायचं, असा माझा बेत होता.

गुलमंडी

बैठक गुलमंडीजवळच्या एका माडीवर होती. खाली कापडाची दुकानं, वर आम्ही. सकाळभर आम्ही एका शब्दावर भांडलो. एका बाईंना ‘सूतिका’ हवं होतं, दुसऱ्या गृहस्थांना ‘नवप्रसूता’. मी ‘प्रसूतिपश्चात’ लावून धरलं. शास्त्रशुद्ध आहे, सरकारी कागदातही आहे, आणि त्यात कुठं देवीदेवतांचा वास नाही, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. मतदान झालं आणि माझा शब्द टिकला. चहा गार झाला होता तरी मला गोड लागला.

गोडाचं म्हणाल तर खरं गोड खाली होतं. इथं इम्रती नावाची एक गोष्ट मिळते. जिलबीची ही थोरली बहीण उडदाच्या डाळीची असते आणि अंगानं भरलेली असते. आमच्याकडं सकाळी मिसळ खाऊन लोक कामाला लागतात, इथं दुधात इम्रती बुडवून खातात आणि मग कामाला लागायचं की नाही याचा विचार करतात. मी दोन खाल्ल्या आणि त्याच चिकट हातांनी बाळासाठी कपडे घ्यायला एका दुकानात शिरले.

दुकानदार म्हातारे चाचा होते. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “जच्चा-बच्चा दोनों अच्छे?” मी म्हटलं, हो, तसा फोन आला होता. मग त्यांनी विचारलं, कपडे पाचवीचे दाखवू की बारशाचे. मी ताठ होऊन सांगितलं की त्या घरी पाचवी पुजत नाहीत, बौद्ध कुटुंब आहे, आणि माझाही असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “तो फिर बच्चा नंगा रहेगा क्या, बेटी?”

शेजारच्या गिऱ्हाइकाला हसू आवरेना. मी दोन झबली आणि एक तांबड्या काठाची कुंची घेतली आणि बाहेर पडले. ‘जच्चा-बच्चा’ हा जोडशब्द मात्र डोक्यात राहिला. एका दमात आई आणि लेकरू दोघांची चौकशी होते. माझ्या पत्रकात माता वरच्या परिच्छेदात होती आणि बालक खालच्या.

देवगाव रंगारी

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला येतो की उजव्या यावर माझ्या पुढच्या बाकावरच्या दोघांची पैज लागली होती. किल्ला आला तेव्हा दोघंही झोपले होते. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतून अर्धी पाटी घेतली आणि पिशवीत टाकली. पुढं शेतांमधला कापूस फुटलेला होता, मधूनच अद्रकाचे हिरवे वाफे. आमच्या पंचगंगेकाठच्या उसाच्या भिंती पाहून मोठी झालेली मी, मला इतकं मोकळं, लांबपर्यंत दिसणारं रान पाहून थोडं उघड्यावर पडल्यासारखं वाटलं. उतरताना कळलं की खालची सीताफळं फुटली आहेत आणि कुंचीला रस लागला आहे.

वैशालीचे वडील, म्हणजे काका, ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. एसटीत चालक म्हणून सारी नोकरी झाली, आता निवृत्त. रोज सकाळी निधनाच्या बातम्या मोठ्यानं वाचायच्या, ही त्यांची सवय वैशालीनं मला वसतिगृहातच सांगितली होती. ओळखीच्या किती प्रवाशांना शेवटचा थांबा मिळाला ते बघतात, असं ती म्हणायची.

“जयभीम. या, पत्रकबाई,” ते म्हणाले. हे नाव वैशालीनंच पसरवलेलं. “बाळ-बाळंतीण आत हायेत. आधी जेवा, मग भेटा. मोठ्या गाडीनं आलेल्या माणसाला उपाशी ठेवत नसतात.”

वैशालीची आई, मावशी, यांनी येसर आमटी आणि बाजरीची भाकरी वाढली. भाजलेल्या धान्यांच्या पिठाची ही आमटी जिभेवर आधी साधी वाटते आणि मग घशाखाली जाळ होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मावशींनी न बोलता तुपाची वाटी पुढं सरकवली. आमच्याकडं बाळंतिणीला मटणाचा अळणी रस्सा देतात, असं मी सांगितलं. इथं शेपूची भाजी, बाजरीची भाकरी आणि सुंठ-गुळाचे लाडू. मावशी म्हणाल्या, तुमच्याकडच्या बाळंतिणी लवकर नांगराला जुंपत असतील.

वैशालीची खोली दाराशीच ऊबदार लागत होती. खाटेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा टाकलेला, आणि धूर. मी खोलीत पाऊल टाकलं आणि पहिलं वाक्य पत्रकातलं बोलले : बाळाच्या खोलीत धूर नको. मावशींनी मान हलवली, शेगडी उचलली आणि दारात ठेवली. मला वाटलं, बघा, एका वाक्यात जिंकलं.

वैशाली खाटेवरून म्हणाली, “धूर ने. पण पाठ शेकायचं बंद करायला सांगू नको. दिवसभर सगळे बाळाला हात लावतात. पाठ शेकताना तेवढंच कुणी मला हात लावतं.”

मानकांत धुराबद्दल आहे. हात लावण्याबद्दल मला आठवेना.

बाळ मुलगी होती, मुठी आवळून झोपलेली. मी तिला पाहत होते तेवढ्यात वैशाली थरथरायला लागली. दुपारची वेळ, खोली तापलेली, आणि तिचे दात एकमेकांवर वाजत होते. मावशींनी दोन गोधड्या आणल्या. म्हणाल्या, कालपासून असंच होतंय, वारं लागलंय, उतरेल. त्या लाडू आणायला स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा वैशालीनं मला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, ओटीपोटात दुखतंय, आणि अंगावरून जातंय त्याला वास येतोय. आईला सांगितलं नव्हतं, कारण आई घाबरते.

ही तिन्ही लक्षणं मी स्वतःच्या हातानं लिहिली होती. ‘यांपैकी एकही दिसल्यास तत्काळ दवाखान्यात जावे’ असं चौकटीत लिहिलं होतं.

मी ओट्यावर आले आणि काकांना विचारलं, आशाताईनं पत्रक दिलं नव्हतं का.

“दिलं की,” काका म्हणाले. “पण ते आमच्यासाठी नव्हतं.”

“तुमच्यासाठीच होतं, काका. वैशालीसाठीच होतं.”

काकांनी मांडीवरचं वर्तमानपत्र माझ्यापुढं धरलं आणि बोट ठेवून वाचलं. “‘त्यांच्या पश्चात दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे.’ पश्चात म्हंजे माणूस गेल्यावर. रोज वाचतो मी. तुमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात पश्चात. मला वाटलं, बाळंतपणात माय गेली की मागं लेकराचं कसं करायचं, ते ह्यात लिहिलंय. आमची पोरगी जिती हाय. तसला कागद तिच्या उशाला कशाला ठेवू?”

“मग ते कुठं आहे?”

“मागच्या आळीत एक पोरगा हाय. त्याची बायको गेली उन्हाळ्यात, बाळंतपणातच. त्याला नेऊन दिलं. त्यानं सगळं वाचलं बिचाऱ्यानं. म्हणला, चांगलं लिहिलंय काका, पण आईनं काय काय खावं ते कशाला लिहिलंय?”

मी ओट्याच्या पायरीवर बसले. टेबलावर हात आपटून जिंकलेला शब्द माझ्या डोक्यात वाजत होता. काकांची चूक काढायला मी तोंड उघडलं, पण चूक सापडेना. काका अडाणी नव्हते, अंधश्रद्ध तर मुळीच नव्हते; त्यांनी मराठी नीट वाचली होती. आणि तो मागच्या आळीतला माणूस, त्यानं माझं पत्रक कुठल्या आशेनं शेवटपर्यंत वाचलं असेल, याचा विचार मी तेव्हा करू शकले नाही. आजही नीट करता येत नाही.

पण तेव्हा बसायला वेळ नव्हता. मी आशाताईला बोलावलं. ती शेजारच्याच गल्लीतून पदर खोचत आली, ताप मोजला आणि तिचा चेहरा बदलला. तिसऱ्या दिवशी ती येऊन गेली होती, तेव्हा सगळं ठीक होतं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता शहरात न्यायचं, जिथं बाळंतपण झालं तिथंच. काका शेजारच्याची जीप पाहायला उठले.

आणि वैशाली म्हणाली, “मी तिथं जाणार नाही.”

मग तिनं जे सांगितलं त्यानं माझा उरलासुरला धीर गेला. त्या दवाखान्याच्या वॉर्डच्या दारावर नियम आहे : एका पेशंटसोबत एकच माणूस. बाळंतपण पहाटे झालं. सकाळी मावशी आत यायला लागल्या तर दारावरच्या चौकीदारानं अडवलं. म्हणाला, बाळ आहे ना आत तिच्यासोबत, झाला एक माणूस.

मी तिथं हसले. मला आधी आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते. बाळ हेही एक स्वतंत्र माणूस आहे, ही माझी ओळ कुणीतरी दारावर पाळत होतं.

वैशाली हसली नाही. “मला संडासला जायचं होतं. बाळ कुणाकडं देऊ? त्याच्या हातात बाळ आणि माझी सलाईन देऊ का? दुपारपर्यंत मी तशीच बसून. सिस्टर म्हणाली उद्यापर्यंत राहा. पण मला विचारलं होतं, राहता की जाता. मी म्हटलं, जाते. सही केली आणि संध्याकाळी घरी आले.”

तिला विचारलं होतं. तिनं ठरवलं होतं. मी ज्या वाक्यासाठी जीव टाकते, ते वाक्य तिथं पाळलं गेलं होतं, आणि म्हणूनच चोवीस तासांचं वाक्य मोडलं होतं. माझ्या पुस्तिकेत ही दोन वाक्यं एकाच पानावर शेजारी शेजारी आहेत. ती एकमेकांशी भांडतील असं मला कधी वाटलं नव्हतं. आता मी तिला सांगायचं काय? की तुझं मत महत्त्वाचं आहे, पण या वेळी नाही?

शेवटी तिनंच अट घातली. “आई आत माझ्यापाशी असेल तर राहीन, म्हणतील तितके दिवस राहीन. नाही तर एक इंजेक्शन घेऊन परत येईन. हे आधीच सांगते.”

मी म्हटलं, असेल. कशाच्या जोरावर म्हटलं, कोण जाणे.

दवाखान्याचं दार

जीपमध्ये मावशींच्या मांडीवर बाळ, माझ्या खांद्यावर वैशालीचं डोकं. सकाळी ज्या रानाकडं मी मान वळवून वळवून पाहत होते त्यातलं काही दिसलं नाही. किल्ला कुठल्या हाताला गेला तेही कळलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं आणि गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला आहे असं सांगितलं. वेळेवर आणलं म्हणाले. काही दिवस शिरेतून औषध द्यावं लागेल, ताप उतरला म्हणून मध्येच जायचं नाही, बाळाला अंगावर पाजणं चालू ठेवायचं. वैशालीला बाळासह आत घेतलं. मावशी मागून निघाल्या आणि दारात हात आडवा आला.

चौकीदार साठीकडं झुकलेले होते, सगळे त्यांना मामा म्हणत होते. ते ओरडले नाहीत. पाटीकडं बोट केलं, मग आत बोट केलं. “एकच माणूस. बाळ गेलंय ना आत.”

मी माझ्या पिशवीतून पुस्तिका काढली. सीताफळाचा रस तिलाही लागला होता, दोन पानं चिकटली होती. मी ती सोडवली आणि तिथं उभी राहून भाषण केलं. माता, बालक, सोबतीचा हक्क, जगभरच्या देशांनी मान्य केलेली मानकं. रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. माझा आवाज गिरणीच्या गेटसभेत असतो तसा चढला होता.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, तुमचं पुस्तक आंतरराष्ट्रीय हाय. हे दार इथलं हाय.”

वैशालीचा नवरा सचिन काकांचा फोन मिळताच निघाला होता, तो तेवढ्यात पैठणहून पोहोचला. तो तिथं हातमागावर पैठणी विणतो. आमच्या इचलकरंजीच्या मागांचा खडखडाट ऐकून मोठी झालेली मी, मला विणकर म्हणजे मोठ्या आवाजात बोलणारा माणूस अशीच सवय. हा इतका हळू बोलायचा की मामांनी दोनदा ‘काय?’ विचारलं. त्यालाही आत सोडलं नाही. तो डबा घेऊन आवारातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसला. मावशी पायरीवर. आत वैशाली सांगितल्याप्रमाणे सलाईन संपायची वाट पाहत होती, आणि संपली की ती उठणार हे मला पक्कं माहीत होतं.

माझा आवाज ऐकून वॉर्डच्या सिस्टर बाहेर आल्या. मला वाटलं, आता मलाही हाकलतील. त्यांनी मला आत नेलं आणि आपल्या टेबलामागची भिंत दाखवली. तिथं माझ्या पुस्तिकेतलीच मानकं होती, इंग्रजीत, चकचकीत कागदावर, वरचे कोपरे पिवळे पडलेले.

“मला पाठ आहेत,” त्या म्हणाल्या. “पण मी इथं बसते आणि मामा तिथं. हा कागद दारावर लावला तरी मामांना वाचता येणार नाही. तुम्ही लिहिता ना? मोठ्या डॉक्टरांना मी विचारते. तुम्ही मराठीत एक ओळ द्या. एकच. मामा दुसरी ओळ वाचत नाहीत.”

डॉक्टर हो म्हणाले. वाटेत चालता चालता म्हणाले, त्यामुळे त्यांनी नीट ऐकलं का याची मला खात्री नाही. सिस्टरांनी सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दिला आणि एक जाड पेन. मी लिहायला घेतलं : ‘प्रसूतिपश्चात...’ आणि हात थांबला. पुठ्ठा उलटा केला.

कोरा पुठ्ठा समोर धरून बसल्यावर आधी चाचांचा जच्चा-बच्चा आठवला, मग काकांचं ओट्यावरचं वाक्य. बाळ-बाळंतीण आत हायेत. हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले आहे. बाळ-बाळंतीण सुखरूप, असं आमच्याकडंही म्हणतात. दोघं मिळून एक शब्द, मध्ये फक्त एक आडवी रेघ. मी सकाळभर भांडले त्या बैठकीत हा शब्द कुणी सुचवलाही नव्हता, मीसुद्धा नाही.

‘बाळ-बाळंतीण मिळून एक पेशंट,’ मी लिहिलं. ‘सोबत’ लिहिलं आणि थांबले. सोबत कोण? मी उठून वैशालीच्या खाटेपाशी गेले, सचिनही आलाय हे सांगितलं आणि पहिल्यांदा तिला विचारलं, तुला कोण हवंय.

“सचिन,” ती म्हणाली. एक क्षणही न लावता.

मी सिस्टरांकडं पाहिलं. सिस्टरांनी वॉर्डकडं पाहिलं. एका ओळीत खाटा, मध्ये पडदे नाहीत, अर्ध्या बायका बाळांना पाजत होत्या. समोरच्या खाटेवरच्या बाईनं ऐकलं होतं. ती म्हणाली, “हिचा नवरा आला की माझापण येणार, आणि त्याच्यामागं माझा सासरा. आम्ही पदर कुठं न्यायचा?”

तिचं बरोबर होतं. वैशालीचंही बरोबर होतं. मानकं म्हणतात, तिला हवं ते माणूस. पडदे नसतील तर काय करायचं, ते बहुधा दुसऱ्या कुठल्या मानकात असेल. मी पेन धरून दोन खाटांच्या मधल्या वाटेत उभी होते आणि मला कळेना की मी कुणाच्या बाजूनं आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला बाजू सापडत नव्हती. वैशालीनंच सोडवलं. “बरं, बाईच पाहिजे तर आई. पण तिला इथं शेगडी आणू देऊ नका.”

मी ओळ पुरी केली : ‘बाळ-बाळंतीण मिळून एक पेशंट, सोबत तिला हवी ती एक बाई.’

सिस्टरांनी पुठ्ठा दारावर चिकटवला. मामांनी खिशातून चष्मा काढला आणि एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं. मावशी पायरीवरून उठल्या, पदर सारखा केला आणि दाराशी आल्या. मामांनी पुन्हा हात आडवा केला.

“आता काय?” मी विचारलं.

“इथं लिहिलंय, तिला हवी ती,” मामा म्हणाले. “ह्या तिला हव्यात कशावरून?”

“अहो, आई आहेत तिच्या.”

“आई असतील. इथं आई नाय लिहिलेलं. हवी ती लिहिलंय.”

मी संतापले. नियम बदलला तर हा माणूस नव्या नियमाचंही कुलूप करतो, असं काहीतरी मी बोलले. मामांनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही. ते वळले, दार अर्धं उघडलं, आत न पाहता तोंड वळवून हाक मारली, “देवगावच्या बाई, तुम्हाला सोबत कोण पाहिजे?”

आतून वैशालीचा आवाज आला, तापानं बसलेला पण स्वच्छ. “माझी आई पाहिजे.”

मामांनी हात काढला. मावशी आत गेल्या. सलाईन संपली तेव्हा वैशाली झोपलेली होती, बाळ मावशींच्या मांडीवर होतं, आणि कुणी कुठं निघालं नव्हतं.

मी आणखी काही दिवस शहरात राहिले. वैशालीचा ताप उतरला. ती राहिली, म्हणाले तितके दिवस राहिली. संस्थेला मी सांगितलं की ‘पश्चात’ काढायचा आहे. त्या सूतिकावाल्या बाई म्हणाल्या, मग पुन्हा मतदान घ्यावं लागेल. सचिन रोज पैठणहून डबा घेऊन यायचा आणि लिंबाखाली बसायचा. वाळत घातलेली दुपटी तो इतकी नीट घडी करायचा, की जणू काठ जुळवतोय. दुपटी आत जायची आणि तो बाहेर राहायचा. माझ्या ओळीत त्याला जागा नव्हती, आणि ती ओळ मीच लिहिली होती.

निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले तेव्हा दारात एक नवी बाळंतीण आली होती, अगदी लहान वयाची, स्ट्रेचरवर, छातीशी बाळ. मागं एक सासू, एक आई, एक नणंद, तिघी एकदम बोलत होत्या, आपापला हक्क सांगत होत्या. मामांनी तिघींना हातानं गप्प केलं आणि स्ट्रेचरवर वाकून पाटीकडं बोट केलं.

“बाई, तुम्हाला कोण पाहिजे?”

तिनं मामांकडं पाहिलं, मग तिघींकडं पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. तिला हे कुणी कधी विचारलं नसावं. स्ट्रेचर ढकलणारा म्हणाला, मामा, जाऊ द्या, मागं रांग लागलीय.

“थांब जरा,” मामा म्हणाले. “ती सांगतीय.”

ती अजून काही सांगत नव्हती. मामा थांबले. माझी एसटी सुटायची वेळ झाली होती, तरी मीही थांबले.